शेंद्र्याची टर्बो

वेम्बलीत स्कोडा ऑक्टाव्हिया दिसली तर तुम्ही वळूनही बघणार नाही. जुनी स्कोडा ब्रिटनमध्ये चेष्टेचाच विषय होती. २००१ मध्ये इथे ऑक्टाव्हियाची १८० हॉर्सपॉवरची व्हीआरएस आली आणि पुढे पोलिसांनीही ती वापरली. त्याच वर्षी औरंगाबादजवळ शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना सुरू झाला, तिथे ऑक्टाव्हियाची जुळणी व्हायची. २००४ मध्ये भारतात आरएस आली: १.८ लिटर, १५० हॉर्सपॉवर. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर टर्बोचं चाक फिरतं आणि आत जास्त हवा कोंबतं. याच कुळातलं इंजिन ऑडी टीटीत होतं! दिसायला मात्र साधी घरगुती गाडी. इथे जिच्या नावावर लोक हसायचे, ती तिकडे दारात असणं म्हणजे प्रतिष्ठा. आता दिसली, तर नाव सोडा. बॉनेटखाली काय आहे ते विचारा.