फॅनी अ‍ॅडम्स : एका विशेषनामाचे अर्थांतर

विशेषनामाला सामान्य अर्थ प्राप्त होणे ही भाषेतील नित्याची घटना होय. परंतु हत्येला बळी पडलेल्या आठ वर्षांच्या मुलीचे नाव इंग्रजीत ‘काहीच नाही’ या अर्थाने रूढ व्हावे, याचा उलगडा केवळ अर्थपरिवर्तनाच्या नियमांनी होत नाही. त्यासाठी व्हिक्टोरियाकालीन लोकमानसाकडे वळावे लागते.

२४ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्पशर परगण्यातील ऑल्टन या गावी फॅनी अ‍ॅडम्स हिची हत्या झाली. वकिलाच्या कचेरीतील कारकून फ्रेडरिक बेकर हा दोषी ठरला. प्रेताचे तुकडे करण्यात आले होते, आणि लोकांचे कुतूहल याच तपशिलावर खिळले. अशा वृत्तांतांची बाजारपेठ आधीपासूनच तयार होती. १८४९ मध्ये गाजलेल्या रश आणि मॅनिंग दांपत्य यांच्या खटल्यांवरील एकपानी पत्रके प्रत्येकी पंचवीस लाख खपल्याचा अंदाज हेन्री मेह्यू याने नोंदविला आहे. २४ डिसेंबर १८६७ रोजी विंचेस्टर येथे बेकरची फाशी पाहण्यास सुमारे पाच हजार लोक जमले. पुढील वर्षी कायद्याने जाहीर फाशी बंद झाली. कुतूहल मात्र शमले नाही.

याच सुमारास ब्रिटिश आरमारात डबाबंद मटण मिळू लागले. त्याला विटलेले खलाशी ‘हे फॅनी अ‍ॅडम्सचेच मांस’ अशी क्रूर थट्टा करीत. पुढे हे नाव निकृष्ट वस्तूचे आणि अखेरीस ‘शून्या’चे वाचक झाले. त्याची आद्याक्षरे एका अश्लील शब्दप्रयोगाशी जुळत असल्याने त्या प्रयोगावरील सभ्य आवरण म्हणूनही ते प्रचारात राहिले.

या अर्थांतराचा क्रम लक्षणीय आहे. पहिल्या थट्टेला निदान हत्येची आठवण आवश्यक होती. ‘शून्य’ या अर्थाला तीही नको होती. मारेकऱ्याचे नाव मात्र नावच राहिले. १८८८ च्या व्हाइटचॅपल हत्याकांडात अज्ञात खुन्याचे टोपणनाव जगभर झाले, आणि बळी पडलेल्या स्त्रियांची नावे मागे पडली. येथे उलट घडले : नाव टिकले, व्यक्ती लोपली. विस्मरण केवळ मौनाने होते असे नाही, अतिवापरानेही होते.

ऑल्टनच्या दफनभूमीत लोकवर्गणीतून १८७४ मध्ये उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. दगडावर ते नाव अद्याप एका मुलीचे आहे. शब्दाची व्युत्पत्ती सांगताना कोशकारानेही ते तसेच सांगावे, एवढे तरी तिचे देणे अभ्यासकांकडे उरते.