दादासाहेब गायकवाड : देवळापासून जमिनीपर्यंत

एकलहऱ्याजवळून वाहणाऱ्या गोदावरीच्या कांठानें नाशिककडे गेलें कीं पंचवटी लागते. तेथील काळाराम मंदिराच्या दारांशीं २ मार्च १९३० रोजीं अस्पृश्य स्त्रीपुरुष सत्याग्रहास बसले. नेतृत्व डॉ. आंबेडकरांचें, परंतु रोजचा भार वाहिला तो भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनीं. त्यांचा जन्म १९०२ सालीं दिंडोरी तालुक्यांतील आंबे गांवीं झाला.

पदें त्यांस पुष्कळ लाभलीं. १९३७ सालीं ते मुंबई कायदेमंडळांत गेले. १९५७ सालीं नाशिकमधून लोकसभेवर, तर १९६२ सालीं राज्यसभेवर निवडून आले. तथापि त्यांचें मोठेपण या यादींत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

मार्च १९३४ मध्यें बाबासाहेबांनीं त्यांस पत्र लिहून मंदिराचा सत्याग्रह थांबविण्यास सुचविलें. देऊळ उघडलें नव्हतें. मार आणि तुरुंग सोसलेल्या खेडुतांस असा निर्णय समजावून सांगणें कांहीं सोपें नव्हे. दादासाहेबांनीं तें केलें आणि माणसें पांगूं दिलीं नाहींत. पुढें १९५९ व १९६४ सालीं पडीक जमीन भूमिहीनांस मिळावी म्हणून त्यांनीं सत्याग्रह उभारले, तेव्हां हजारों लोक तुरुंगांत गेले.

काळारामाचा लढा निष्फळ ठरला असें म्हणणारे हा दुवा विसरतात. देवळाच्या दाराशीं एकत्र बसावयास शिकलेला समाजच पुढें जमिनीसाठीं उभा राहिला. १९७१ सालीं दादासाहेब निवर्तले. जमिनीचा प्रश्न मात्र त्यांच्यामागें उरला.