विहिरीकडून हातपंपाकडे : जालना व सोलापूर येथील मिशनरी जलकार्य

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मिशनरी कार्याचा इतिहास प्रामुख्याने शिक्षण, वैद्यकीय सेवा आणि धर्मांतर या अंगांनी लिहिला गेला आहे. नागपूर परिसरात स्कॉटिश मिशन म्हटले की रेव्ह. स्टीफन हिस्लॉप आणि त्यांच्या नावाचे, १८८३ मध्ये स्थापन झालेले महाविद्यालय आठवते. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न मात्र या लेखनात अपवादानेच येतो. प्रस्तुत लेखात जालना व सोलापूर येथील कार्याचा या दृष्टीने विचार केला आहे.

रेव्ह. नारायण शेषाद्री यांच्यामुळे जालना हे एकोणिसाव्या शतकापासूनच स्कॉटिश मिशनचे महत्त्वाचे केंद्र होते. १९६० च्या दशकात तेथील मिशनने मराठवाड्याच्या कठीण बेसॉल्ट खडकात विंधण विहिरी घेण्याचे काम हाती घेतले. उघड्या विहिरी उन्हाळ्यात आटत. पायविहिरींतून नारूचा प्रसार होई. खडकातील झाकलेले पाणी त्या मानाने सुरक्षित होते.

परंतु पाणी लागणे निराळे आणि ते रोज मिळणे निराळे. त्या काळचे बिडाचे हातपंप पाश्चात्त्य देशांतील एका कुटुंबाच्या गरजेनुसार घडविलेले होते. येथे त्यांवर अख्ख्या गावाची गर्दी! खिळी झिजत, दांडे मोडत आणि पंप महिनोन्‌महिने बंद राहत. १९७४ च्या सुमारास झालेल्या पाहणीत देशातील सुमारे तीन चतुर्थांश हातपंप नादुरुस्त आढळले. जालन्याच्या कार्यशाळेत बिडाऐवजी पोलाद वापरून दांड्याला एकच सांधा ठेवण्यात आला. सोलापूर वेल सर्व्हिस या संस्थेत ऑस्कर कार्लसन या स्वीडिश अभियंत्याने त्यापुढे जाऊन दांड्याच्या टोकाला वर्तुळखंड व साखळी जोडली. त्यामुळे आतील गज सरळ रेषेत वरखाली होऊ लागला व झीज कमी झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते, मिशनच्या जलकार्याचे खरे मोल घेतलेल्या विहिरींच्या संख्येत नसून या दुरुस्तीच्या विचारात आहे.

पुढे भारत सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास यांनी सोलापूर पंपाच्या आधारे ‘इंडिया मार्क २’ विकसित केला. १९७९ मध्ये त्याचे भारतीय मानक निश्चित झाले. त्यावर कोणाचेही स्वामित्व नसल्याने तो आफ्रिकेतील अनेक देशांत पोहोचला. तेथे काही भागांतील आम्लधर्मी पाण्याने लोखंडी नळ गंजले, हेही नमूद करणे आवश्यक आहे. शिवाय दट्ट्या बदलण्यासाठी संपूर्ण नळ वर ओढावे लागत. ही अडचण ‘मार्क ३’ मध्ये दूर करण्यात आली.

यंत्राने विटाळ नाहीसा केला, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. १९२७ च्या महाड सत्याग्रहाने उपस्थित केलेला प्रश्न हातपंपाच्या बाबतीत जागेच्या निवडीत दडलेला आहे : विंधण विहीर कोणत्या वस्तीत घेतली आणि तेथे पाणी भरावयास कोण येत असे? उमरेड तालुक्यातील ग्रामपंचायतींची जुनी दप्तरे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.