देवाच्या हातातला जात्याचा खुंटा

वाघावर बसून, हातात सापाचा आसूड घेऊन चांगदेव आळंदीला निघतात, आणि ज्या भिंतीवर ज्ञानदेवादी चार भावंडे बसलेली असतात ती भिंतच चालत त्यांना सामोरी जाते. ही गोष्ट महाराष्ट्राने इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यात किती विचारपूर्वक निवड झाली आहे हे सहसा ध्यानात येत नाही. वाघ आणि साप ही सिद्धीची मिरवणूक आहे. भिंत ही घरादाराची, शेणामातीने लिंपायची वस्तू. नाथपंथी कथांमध्ये, विशेषतः १८१९ मध्ये रचल्या गेलेल्या ‘नवनाथ भक्तिसारा’त, मंत्र आणि अस्त्रे एकमेकांवर सोडली जातात, जय-पराजय होतात, देवांनाही जेरीस आणले जाते. वारकरी कथेत मात्र अद्भुत शक्ती उतरते ती चुलीपाशी. भावंडांचा द्वेष करणाऱ्या विसोबाने कुंभारांना दटावले म्हणून ज्ञानदेवांची बहीण मुक्ताबाई हिला मांडे भाजायला खापर मिळत नाही. मग ज्ञानदेव आपली पाठ तापवतात आणि ती त्यावर मांडे भाजते. पाठ तापणे हे अद्भुत खरे, पण त्यामागचे कारण अगदी इहलोकीचे आहे. वाळीत टाकलेल्या घराला गावातला कुंभार भांडे देत नाही, हे त्या काळच्या बहिष्काराचे बारकाईने केलेले वर्णन आहे. संतकथांमधला चमत्कार असा सतत घरकामाला आणि गावकामाला जुंपलेला दिसतो. तो भोळेपणा नव्हे. कथा सांगणाऱ्यांनी अद्भुताचे माप माणसाच्या अंगावरच्या ओझ्याने घेतले, आणि म्हणूनच या कथा श्रमाच्या इतिहासाचे एक साधन म्हणून वाचता येतात.

जनाबाईचे उदाहरण यात सर्वांत समृद्ध आहे. गंगाखेडहून पंढरपुरात आलेली, नामदेवांच्या घरची ही दासी. तिच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, कांडतो, केर भरतो, शेण्या वेचतो, धुणे धुतो, तिच्या डोक्यातल्या उवाही काढतो. ही यादी कल्पनेच्या भरारीतून आलेली नाही. ती एका दासीचा दिवस आहे, पहाटेच्या दळणापासून. जात्याचा खुंटा दोघींनी धरला तर दळण हलके जाते, हे दळणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. एकटीच्या वाट्याला दळण आले की खांदे भरून येत. जनाबाईला राजवाडा नको आहे, उडता गालिचाही नको आहे. खुंट्याला दुसरा हात हवा आहे. गावोगाव पिठाच्या गिरण्या येईपर्यंत हीच मागणी जात्यावरच्या ओव्यांतून चालू राहिली. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखांहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांत विठ्ठल भाऊ, बाप, सखा, पाहुणा अशा नात्यांनी घरात वावरताना दिसतो. जिथे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत दुर्लक्षित होते तिथेच अद्भुताची गर्दी झाली.

पुरुषांच्या कथांमध्ये हीच गोष्ट जरा वेगळ्या वेषात येते. सेना न्हावी पूजेत दंग असताना राजाचे बोलावणे येते, तो जात नाही, शिक्षेचा हुकूम सुटतो. तेव्हा विठ्ठल सेनाचे रूप घेतो, धोकटी उचलतो आणि राजाची हजामत करून त्याला तेल लावतो. मंगळवेढ्याचे दामाजीपंत दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लोकांना मोकळी करतात, बेदरहून पकडण्याचा हुकूम निघतो. तेव्हा विठ्ठल विठू महार होऊन बेदरला जातो, सगळी रक्कम भरतो आणि रीतसर पावती घेतो. मला या कथेतली पावती फार मोलाची वाटते. प्रत्यक्ष परमेश्वर पैसे भरतो, तरीही कागद हवाच. अठराव्या शतकात या कथा ओवीबद्ध करणारे महिपती हे ताहराबादचे कुलकर्णी होते; ‘भक्तविजय’ १७६२ चा, ‘भक्तलीलामृत’ १७७४ चे. वसुलीचा हिशेब आणि वरून आलेला हुकूम या गोष्टी त्यांच्या घराण्याच्या वतनातल्याच होत्या. पावतीवाचून सुटका नाही, हे ऐकणाऱ्या रयतेलाही वेगळे सांगावे लागत नव्हते. निरोप आणि सरकारी ऐवज पोचवणे हे महाराच्या गावकामात येई, म्हणून देव तिथे महार होतो. घोडेस्वार किंवा सावकार होत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही कल्पित वाङ्मयाची भाषा झाली. ज्यांनी या कथा गायल्या त्यांच्या लेखी त्या घडलेल्या गोष्टी होत्या. हे मान्य आहे, आणि त्या श्रद्धेशी इथे वाद नाही. पण श्रद्धा असली तरी सांगणाऱ्याला तपशील निवडावाच लागतो. सेनाचा राजा मराठी कथेत बेदरचा, तर उत्तरेकडच्या परंपरेत बांधवगडचा होतो. कीर्तनाच्या उत्तररंगात तर प्रत्येक बुवा आख्यानाला आपापल्या परीने रंग भरतो. राजा बदलतो, गाव बदलते, पण धोकटी आणि तेलाची वाटी बदलत नाही. ज्या गोष्टीला सांगणारे हात लावत नाहीत, तिथेच कथेचा जीव असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घरकामाला मदत करणारे अद्भुत प्राणी कुठे नाहीत? ग्रिम बंधूंच्या जर्मन कथांतही रात्री येऊन चांभाराचे जोडे शिवणारे बुटके आहेत. पण ते बुटकेच आहेत, कुणी त्यांची पूजा करत नाही. पंढरपुरात कामाला येतो तो विश्वाचा धनी म्हणवला जाणारा. याहून बोलका पुरावा शेजारच्या गुजरातेत मिळतो, आणि तो महिपतींनीही आपल्या ग्रंथात घेतला आहे. जुनागडचे नरसी मेहता द्वारकेच्या शामळशा शेठवर हुंडी लिहून देतात, आणि कृष्ण शेठजी होऊन ती हुंडी वटवतो. व्यापारी मुलखात देव पेढीवर बसतो. बलुतेदारीच्या मुलखात तो न्हावी, महार, पाणक्या आणि दळणारी होतो. चमत्काराची वृत्ती सगळीकडे सारखी असेल, पण तो कोणत्या धंद्यात शिरतो हे त्या त्या गावगाड्याने ठरवले. एकोणिसाव्या शतकात छापखाना आला आणि ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या निघाल्या, तेव्हा मराठीतले अद्भुत उच्चकुलीन नायक-नायिकांच्या विरहात आणि मीलनात रमले. जाते मागे पडले. वाचकवर्ग बदलला होता. आता दळण दुसरे कुणीतरी करत होते.

तिसरा आक्षेप मात्र सहज झटकता येत नाही. देव दळू लागला म्हणून जनाबाईचे दासीपण सुटले का? नाही. महार संत चोखोबाच्या बाबतीत हे अधिकच टोचते. कथेत विठ्ठल चोखोबाबरोबर मेलेली ढोरे ओढतो, त्याची बायको सोयराबाई हिच्या बाळंतपणात नणंद होऊन येतो. पण मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळते आणि चोखोबा तिच्याखाली मरतो. परंपरा हे १३३८ मध्ये घडले असे सांगते. आळंदीची भिंत चालली, ही भिंत थांबली नाही. अद्भुत शक्ती इथे उशिरा येते: नामदेव ढिगाऱ्यातली हाडे वेचतात आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येते ती चोखोबाची ठरतात. त्याच्या समाधीला जागा मिळाली ती मंदिराच्या महाद्वाराबाहेर, आणि त्याच्या जातीच्या माणसांना आत जायला १९४७ उजाडावे लागले, तेही साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणानंतर. तेव्हा या कथांनी व्यवस्था हलवली असे म्हणणे खोटेपणाचे होईल. त्यांनी ती सहन करायला मदत केली, हा आरोप बऱ्याच अंशी खराच आहे. पण या कथा दिलासा देतात तेवढेच करून थांबत नाहीत. कुठले काम किती जड आहे आणि ते कोणाकडून करून घेतले जाते, हे त्यांनी जितके स्पष्ट नोंदवले तितके त्या काळच्या दरबारी बखरींनी नोंदवले नाही.

आणि या कथांचा एक अलिखित नियम आहे, तो त्या आरोपालाही थोडे उत्तर देतो. सासुरवाशीण सखूच्या रूपात विठ्ठल कऱ्हाडला तिच्या सासरची कामे उपसतो, तेव्हा सासूला संशय येत नाही. सेनाच्या राजासमोर देव उभा असतो, पण न्हाव्याच्या तोंडाकडे कोण पाहतो? राजाला चतुर्भुज रूप दिसते ते तेलाच्या वाटीत, चेहऱ्यावर नव्हे. पैठणला एकनाथांच्या वाड्यात देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी भरतो. हे तेच एकनाथ, ज्यांनी गोदावरीच्या तापल्या वाळवंटातून महाराचे मूल कडेवर घेतले असे सांगतात. पण पाणक्या कोण हे त्यांनाही कळत नाही. द्वारकेहून एक ब्राह्मण देवाचा माग काढत येतो तेव्हा कळते, आणि श्रीखंड्या त्या क्षणी नाहीसा होतो. काम करणाऱ्याकडे मालकाची नजर जात नाही, या एकाच आधारावर हे सगळे चमत्कार उभे आहेत. नजर गेली की संपले. जनाबाई मात्र त्याला पहिल्यापासून ओळखून आहे, त्याच्याशी भांडते, त्याला कामेही सांगते. चोखोबालाही ढोराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते ठाऊक आहे. त्यांनी ओळखल्यामुळे विठ्ठल उठून गेला असे या कथांत होत नाही, आणि दळण पुरे होईपर्यंत खुंटा दोघांच्या हातात राहतो.