शनिवारवाड्यातला दरबार: काढणाऱ्याने पाहिला होता का?

हे चित्र तुमच्या नजरेखालून गेलं असेल. शनिवारवाड्यातला दरबार, १६ वर्षांचे सवाई माधवराव, आणि समोर इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट, टिपूविरुद्धचा तह घेऊन. साल १७९०. वाशीममध्ये बसून मोबाईलवरही ते उघडतं. आता सांगा, काढणाऱ्याने हा प्रसंग पाहिला होता का?

नव्हता. जेम्स वेल्स भारतात आला १७९१ मध्ये, तहानंतर. पुण्यात त्याने पेशव्यांना आणि नाना फडणवीसांना प्रत्यक्ष पाहून रंगवलं, दरबाराच्या मोठ्या चित्राची तयारी केली आणि १७९५ मध्ये तो वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये इंग्लंडमध्ये चित्र पुरं केलं. १८०७ मध्ये चार्ल्स टर्नरने त्याचं मेझोटिंट केलं. म्हणजे तांब्याचा पत्रा आधी सगळा खरबरीत करायचा, मग जिथे उजेड हवा तिथे खरवडून गुळगुळीत करायचा. तिथे शाई कमी धरते. छाप उलटी उमटते, म्हणून पत्र्यावर अख्खा दरबार उलटा कोरावा लागतो!

आपल्या भाषेत, हा रॉ डेटा नाही. तीन हातांनी प्रोसेस झालेला आहे.

मग फेकून द्यायचा? अजिबात नाही. पण अख्ख्या चित्राला एकच मार्क देऊ नका. पेशवे आणि नाना यांचे चेहरे मी बराच विश्वासाने वापरीन, ते वेल्सने समोरून टिपलेत. कोण कुठे बसलं, तहाचा कागद कसा दिला, हे मात्र प्रसंगाला हजर असलेल्या कुणाच्या तरी सांगण्यावरूनच आलं असणार. आणि असा एक माणूस या चित्राच्या अगदी जवळ होता: मॅलेट. डॅनियलकडून चित्र करून घेणारा तोच, वेल्सचा जावईही तोच. चित्रात महत्त्वाच्या जागी कोण आहे, बघा!

वकिलाची दरबारातली भेट हा युरोपी चित्रकारांचा लाडका विषय. इस्तंबूलच्या उस्मानी दरबारातल्या अशा भेटी वानमूरने रंगवल्या; पण तो वर्षानुवर्षं तिथेच राहत होता.

दालनाचं काय? १८२८ च्या आगीत वाडा आतून जळाला, त्यामुळे खांब-कमानी आज जागेवर ताडून बघता येत नाहीत. दालनाबद्दल लिहिणारे याच चित्राचा आधार घेतात. उद्या कुणी त्या लिखाणाच्या आधारावर चित्र अचूक ठरवलं, तर गाईडला दाखवण्याआधी तो परिच्छेद खोडा.