चिंध्यांची बखर

जुन्या लुगड्यांची गोधडी नाही असे घर आमच्या लहानपणी वसईत शोधूनही सापडले नसते. आमच्याकडे तीन होत्या. वरचे कापड आईच्या लाल लुगड्याचे. आतल्या थरांत वडिलांचे सदरे, थोरल्या भावाचा शाळेचा गणवेश आणि आजीचे विटून गेलेले एक लुगडे. ताप आला की त्याच गोधडीखाली आम्हांला घाम फुटेपर्यंत निजवीत, आणि पडल्यापडल्या शिवणीच्या उसवलेल्या फटीतून कोणाचे कापड कोठे आहे हे शोधण्यात दुपार निघून जाई. संस्कृतातील ‘कंथा’ हा शब्द मराठीत संन्याशाच्या ठिगळांच्या वस्त्रापुरता उरला. बंगालमध्ये तोच ‘काँथा’ होऊन जुन्या साड्यांवरील भरतकामाचे नाव बनला. आपल्याकडे गोधडी आणि वाकळ हे शब्द रुळले. परंतु या वस्तूला इतिहास असू शकतो, असे त्या वेळी कोणी म्हटले असते तर आम्ही हसलो असतो.

हसू मावळले ते पुष्कळ वर्षांनी, एका उन्हाळ्यात. कारवार धर्मप्रांतातील एका धर्मगुरुमित्राकडे काही दिवस मुक्कामास होतो. हा धर्मप्रांत १९७६ साली स्थापन झाला आणि उत्तर कन्नड जिल्हा त्यात येतो. मित्राबरोबर हल्याळच्या बाजूला जंगलाकडेच्या एका वस्तीत गेलो. अंगणात एक वृद्ध स्त्री पाय पसरून बसली होती आणि तिच्या मांडीवरून जमिनीवर एक भली मोठी गोधडी पसरली होती. चेहरा आफ्रिकेतला, भाषा कोकणी, गळ्यात जपमाळ. गोधडीला त्या लोकांत ‘कवंदी’ म्हणतात. तिच्या चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या चिंध्यांचे जाडसर त्रिकोण बसवलेले होते. हे काय, असे विचारता ती म्हणाली, “फुलां, पाद्राब.” शब्द समजावून सांगण्याची गरजच नव्हती. ती फुले लावल्याविना कवंदी नागवी दिसते, असे या स्त्रिया मानतात.

महाराष्ट्रात सिद्दी म्हटले की जंजिरा आठवतो. कोणाला निजामशाहीचा सूत्रधार मलिक अंबर आठवेल. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला हा मनुष्य १६२६ साली वारला तेव्हा दख्खनेच्या राजकारणातील एक मोठा खांब कोसळला. उत्तर कन्नडचे सिद्दी मात्र निराळे. त्यांच्यापैकी कोणी किल्लेदार झाला नाही. हल्याळ, मुंडगोड, यल्लापूर, जोयडा, अंकोला या तालुक्यांच्या जंगलपट्टीत ते पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांच्या शेतात आणि सुपारीच्या बागांत राबत आले. यल्लापूरच्या बाजूचे बरेच हिंदू, हल्याळकडे कॅथलिक आणि मुसलमान. धर्म तीन असले तरी कवंदी एकच. कॅथलिक स्त्रियांच्या काही कवंद्यांत ठिगळांचा क्रूस दिसतो, मुसलमान स्त्रियांच्या काहींत चंद्रकोर. भारत सरकारने कर्नाटकातील सिद्द्यांना अनुसूचित जमातींत स्थान दिले ते २००३ साली.

हे लोक तेथे आले कसे? काहींचे पूर्वज विजापूरसारख्या दख्खनी दरबारांच्या आश्रयाने आले असावेत. पण बहुतेकांचा माग गोव्याकडे जातो, असे अभ्यासकांचे मत आहे. आणि गोवा म्हटले की आपल्या, म्हणजे कॅथलिकांच्या, इतिहासात शिरावे लागते.

पोर्तुगीज जहाजे मोझांबिकच्या किनाऱ्यावरून हस्तिदंत आणि सोने आणीत, तशीच माणसेही आणीत. ह्यूखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी नोकरीस होता. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ साली प्रसिद्ध झाला. गोव्याच्या मुख्य रस्त्यावर दररोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे त्याने वर्णन केले आहे. तेथे अरबी घोड्यांच्या आणि इतर मालाच्या जोडीने गुलाम विकले जात. पालखी उचलणे, छत्री धरणे, पाणी भरणे, धुणे धुणे ही कामे त्यांची. पोर्तुगीज प्रतिष्ठिताचे घर गुलामांच्या संख्येवरून ओळखले जाई. आमची वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत याच सत्तेखाली होती, आणि तेथील फिदाल्गोंच्या वाड्यांत याहून वेगळी रीत होती असे समजण्याचे कारण नाही.

सेमिनरीत आम्हांला चर्चचा इतिहास दोन वर्षे शिकवला. संत फ्रान्सिस झेवियर, धर्मप्रांतांच्या स्थापना, धर्मपरिषदा, सर्व काही. गोव्याची १५६७ ची पहिली प्रांतिक धर्मपरिषद आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती. माणसाला गुलाम करणे कोणत्या परिस्थितीत न्याय्य ठरते, याचीही चर्चा त्या परिषदेने केली होती, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्यापूर्वी, १४५२ साली, परमगुरू निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला मुसलमान व मूर्तिपूजक यांना कायमचे दास करण्याची मुभा एका फर्मानाने दिली होती. १४५५ मध्ये तिला दुजोरा दिला. याच्या उलट बाजूचीही कागदपत्रे आहेत. परमगुरू पॉल तिसरे यांनी १५३७ साली अमेरिकेतील मूळ रहिवाशांना आणि पुढे ज्ञात होतील अशा इतर लोकांनाही दास करण्यास मनाई केली. ग्रेगरी सोळावे यांनी १८३९ मध्ये आफ्रिकी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. परंतु १५३७ ते १८३९ यांच्यामध्ये तीनशे दोन वर्षे जातात, आणि त्या काळात मोझांबिकची जहाजे मांडवी नदीत शिरत राहिली. आपल्या लोकांशी बोलताना आपण १५३७ चा दाखला देतो आणि १४५२ चा विसरतो. तो विसर सोयीचा आहे. परमगुरू जॉन पॉल दुसरे यांना तो मान्य नव्हता. फेब्रुवारी १९९२ मध्ये सेनेगलच्या गोरे बेटावरील गुलामांच्या कोठीत उभे राहून त्यांनी क्षमा मागितली. आणि मार्च २०२३ मध्ये व्हॅटिकनने त्या पंधराव्या शतकातील फर्मानांमागच्या विचाराचा उघड त्याग केला.

पोर्तुगालने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली १८३६ साली. गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६९ मध्ये. तोपर्यंत वाट न पाहणारेही होते. घाट चढून गेले की पोर्तुगीज हद्द संपे आणि दाट जंगल सुरू होई. सिद्द्यांच्या वस्त्यांचे आजचे ठिकाण नकाशावर पाहिले की पळणाऱ्या माणसाने कोणती दिशा धरली असेल ते वेगळे सांगावे लागत नाही.

पळताना त्यांनी बरोबर काय नेले? स्नानसंस्कारात मिळालेले नाव, जपमाळेच्या प्रार्थना, कोकणी भाषा, आणि अंगावरचे कापड. मूळ गाव, मूळ भाषा, आईबापांनी ठेवलेले नाव, यांपैकी काही उरले नव्हते. स्नानसंस्काराची नोंदवही लिहिण्याचे काम मी तीस वर्षे करीत आहे. मुलाचे नाव, आईवडिलांचे, आजोळचे, धर्ममातापित्यांचे असे सर्व रकाने भरल्याशिवाय मी सही करीत नाही. म्हणूनच, ज्या माणसाच्या नोंदीत त्याचे स्वतःचे म्हणून काहीच लिहिण्याजोगे नव्हते आणि मालकाचे नाव मात्र होते, त्याचा विचार आला की हात थबकतो.

आता पुन्हा त्या अंगणाकडे वळू. कवंदीची रीत आपल्या गोधडीसारखी आहे आणि नाहीही. खाली जुनी सुती साडी अंथरतात. तिच्यावर सदरे, परकर, लुगड्यांचे काठ, मुलांचे कपडे यांची ठिगळे एका कडेने ठेवत जातात आणि जाड दोऱ्याने धावदोरा घालतात. आपली गोधडी आधी थर लावून, मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे घालायची. कवंदी कडेला सुरू होते आणि चारही बाजूंनी फिरत फिरत आत सरकते. ठिगळेही आधी जोडून ठेवलेली नसतात, टाके पुढे सरकतील तशी पुढची चिंधी निवडली जाते. त्यामुळे शिवणीच्या रेषा चौकोनात चौकोन घालीत मध्याशी येऊन थांबतात. टाके उघड दिसतात, कारण ते लपवण्याची इच्छाच नसते. नवे, न धुतलेले कापड वापरीत नाहीत. पहिल्या धुण्यात ते आटते आणि शेजारच्या जुन्या कापडाला ओढून फाडते. शुभवर्तमानातील जुन्या वस्त्रावरच्या नव्या ठिगळाचा दृष्टान्त मी अनेकदा प्रवचनात वापरला आहे, पण तो किती व्यवहारातला आहे हे मला त्या अंगणात उमगले. हे काम उन्हाळ्यात चालते, म्हणजे पावसाळ्यापूर्वी पांघरूण तयार व्हावे. नातवंडांसाठी लहान कवंद्या वेगळ्या, आणि रंगांच्या बाबतीत त्यांत अधिक उधळपट्टी.

हेन्री जॉन ड्र्युअल या अमेरिकी प्राध्यापकांचा आयुष्यभराचा विषय आफ्रिकेची आणि आफ्रिकेबाहेर विखुरलेल्या आफ्रिकी लोकांची कला हा. त्यांनी या स्त्रियांमध्ये काम केले आणि २००४ साली कवंदी शिवणाऱ्या स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहण्यास साहाय्य केले. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील शोंबर्ग केंद्रात या कवंद्यांचे प्रदर्शन भरले. त्याआधी, २००२ साली, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीतील गुलामांच्या वंशज स्त्रियांच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या होत्या. तेथेही जुने कामाचे कपडे, ठळक रंग आणि वाटेल तशी वळणारी चौकट. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की कोणालाही वाटावे, हे आफ्रिकेचे रक्त बोलते आहे.

मला मात्र येथे थोडे थांबावेसे वाटते. हल्याळच्या पलीकडे धारवाडच्या मुलखात सर्व जातींच्या घरांत ‘कौदी’ शिवतात. कवंदी आणि कौदी या शब्दांचे नाते उघड आहे. घाटाच्या अलीकडे-पलीकडे धावदोऱ्याची गोधडी सर्वत्र आहे. म्हणजे सुई कशी चालवावी हे सिद्दी स्त्री येथल्या शेजारणीकडून शिकली असणे अगदी शक्य आहे. रंगांची मांडणी, कोपऱ्यांची फुले, कडेकडून मध्याकडे येणारी चाल, यांत समुद्रापलीकडचे काही असेलही. पण आफ्रिकेचा शोध घेताना त्या बाईने येथे, या मातीत, स्वतःच्या बुद्धीने काय घडवले याकडे दुर्लक्ष होऊ नये. तिच्या पूर्वजांना एकदा ‘खाप्री’ या एका शब्दात गुंडाळले गेले होते. आता तिला ‘आफ्रिकी’ या एका शब्दात गुंडाळणे, कितीही प्रेमाने केले तरी, मला पुरेसे वाटत नाही.

या प्रश्नाचा निकाल जुन्या कवंद्या पाहून लावता आला असता. पण जुन्या कवंद्या नाहीत. कवंदी रोज अंगाखाली आणि अंगावर असते, ओढ्यावर आपटून धुतली जाते आणि काही वर्षांत झिजते. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठाच्या वास्तूत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. ते १९९४ साली राशोल येथे सुरू झाले आणि २००२ मध्ये येथे आले. त्यात धर्मगुरूंची जरीकामाची मिस्सावस्त्रे पाहायला मिळतात. युरोपात उमराव स्त्रिया आपले जुने रेशमी झगे चर्चला देत आणि त्यांतून अशी वस्त्रे बेतली जात. तेही जुन्या कापडाचे नवे रूपच. ते रेशीम पेटीत राहिले, सणालाच बाहेर निघाले, म्हणून शतके टिकले. ज्या हातांनी त्या काळी ती वस्त्रे धुतली असतील त्या हातांनी शिवलेले एकही पांघरूण आपल्यापुढे नाही.

आज कवंद्या शहरांतील दिवाणखान्यांत भिंतीवर टांगल्या जातात, पलंगपोस म्हणून अंथरल्या जातात. मला त्यात वावगे दिसत नाही; बाईच्या हाती पैसा येतो, आणि मजुरीपेक्षा तो मानाचा असतो. पण भिंतीवरची कवंदी टिकेल, आणि अंगणातली टिकणार नाही, हेही खरे.

त्या वृद्ध स्त्रीला मी विचारले, जुनी फाटली की काय करता? तिने मांडीवरची कवंदी उचलून उलटी केली आणि एके ठिकाणी टाके बोटाने दूर सारले. आत विटलेल्या कापडाचा एक थर होता. त्यावरही टाके होते, जुने, काळवंडलेले. तिच्या सासूने शिवलेल्या कवंदीचा तो उरलेला तुकडा. आता मध्यावर तळहाताएवढी जागा तेवढी शिवायची उरली होती. तिने सुनेला हाक मारून चिमूटभर तांदूळ मागवले, ते त्या जागी ठेवले, वर निळ्या परकराचे ठिगळ धरले आणि म्हणाली, कवंदीचे पोट रिकामे ठेवू नये. मग ती शिवू लागली, आणि आम्ही उन्हे उतरायच्या आत निघालो.