जोर न लावता श्वासाचे मोजमाप

दम्याची शंका आली की रुग्णाच्या तोंडात नळी देऊन "खोल श्वास घ्या आणि सारा जोर लावून फुंका" असे सांगतात. चार वर्षांच्या मुलाला किंवा धाप लागलेल्या आजोबांना हे कसे जमावे? नेहमीचा संथ श्वास चालू असतानाच फुफ्फुसांची परीक्षा घेता येईल का?

मोजमापाची सुरुवात जोराच्या फुंकरीनेच झाली. १८४६ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन हचिन्सन यांनी आपल्या स्पायरोमीटरचे वर्णन प्रसिद्ध केले. पाण्यावर उपडे ठेवलेले भांडे फुंकरीने वर उचलले जाई; ते किती उचलले यावरून हवेचे आकारमान कळे. दोन हजारांहून अधिक माणसे तपासून त्यांनी दाखविले की हे आकारमान उंचीप्रमाणे वाढते. १९४७ मध्ये फ्रान्समध्ये तिफनो आणि पिनेली यांनी पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते याला महत्त्व दिले. अरुंद श्वासनलिका ओळखण्यासाठी हे माप आजही वापरतात.

परंतु आकडा कमी आला तर दोष नळ्यांचा की फुंकरीचा? ही अडचण रुग्णालयापुरती नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी मुंबईतील कमी-अधिक प्रदूषणाच्या वस्त्या आणि तुलनेसाठी ग्रामीण भाग यांतील चार हजारांहून अधिक लोकांची पाहणी सुरू केली. अधिक प्रदूषित वस्तीत श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळल्या. अशा पाहणीत प्रत्येकाकडून सारखीच फुंकर मिळविणे हे मोठे कष्टाचे काम असते.

संथ श्वासातील मोजमापाचे दोन मार्ग निघाले. १९२७ मध्ये नीरगार्ड आणि विर्ट्‌झ यांनी प्रवाह क्षणभर अडवून पाहण्याची पद्धत मांडली. झडप सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी बंद होते. तेवढ्यात तोंडातील दाब फुफ्फुसांच्या आतील दाबाएवढा होतो, असे मानतात. दाबाला प्रवाहाने भागले की अडथळा मिळतो. दुसरा मार्ग १९५६ मध्ये अमेरिकेत ड्यूबॉइस आणि सहकाऱ्यांनी दाखविला. कुंभाराकडे आपण मडके वाजवून पाहतो, तसा हा प्रकार आहे. श्वासावर हवेचे बारीक कंप सोडायचे आणि दाब व प्रवाह यांचा प्रतिसाद मोजायचा. सेकंदाला सुमारे ५ कंप दूरच्या बारीक नळ्यांपर्यंत पोचतात. २० कंपांतून मुख्यतः मोठ्या नळ्यांची माहिती मिळते. दोन्ही आकड्यांतील फरक बारीक नळ्यांतील बिघाड सुचवितो.

पुढे या तत्त्वावर अनेक उपकरणे निघाली. काही एकाच वारंवारतेचा कंप सोडतात, काही अनेक कंप एकत्र, तर काही दाबाचे छोटे ठोके देतात. तुलना करताना त्यांना आधी ठाऊक अडथळ्याच्या कृत्रिम नळ्या जोडतात. तेथेही सर्वांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. माणसावर तर फरक आणखी वाढतो. गाल फुगले तरी आकडा बदलतो, म्हणून तपासताना गाल हातांनी दाबून धरतात. यासाठी युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीने २०२० मध्ये सुधारित तांत्रिक मानके प्रसिद्ध केली. तात्पर्य, एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्या यंत्राच्या तक्त्याशी ताडून पाहू नये. स्पायरोमीटरही यामुळे निकालात निघत नाही; एक यंत्र क्षमता सांगते, दुसरे अडथळा.

वर्गात याची चुणूक दाखविता येते. निरोगी विद्यार्थ्यांना आधी रुंद नळीतून आणि मग सरबताच्या बारीक नळीतून दोन-तीनच श्वास घेऊ द्या. संथ प्रवाहात नळीची त्रिज्या निम्मी झाली की अडथळा १६ पट होतो, हे सूत्र त्यांना छातीतच जाणवेल. दम्याच्या मुलाला मात्र हा प्रयोग करायला लावू नका.

पनवेलला हा विषय दूरचा नाही. तळोजाची औद्योगिक वसाहत याच तालुक्यात आहे आणि २०१६ मध्ये येथे महानगरपालिका झाली. अशा वाढत्या शहरात मुलांच्या श्वासावर काय परिणाम होतो हे जाणायचे, तर ज्यांना जोराने फुंकता येत नाही तीही मुले मोजणीत आली पाहिजेत. आणि वर्षांनंतर तुलना करायची असेल, तर आकड्याशेजारी यंत्राचे नाव आणि पद्धतही लिहून ठेवली पाहिजे.